आप्पांच्या कीर्तनाच्या डीव्हीडी : घरच्या बॅकअपसाठी सॉफ्टवेअर निवडताना

पार्श्वभूमी

अहमदपूर तालुक्यातल्या एका गावातलं हे वारकरी घर. त्यांच्या इच्छेप्रमाणे गावाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. घरातल्या आजोबांना अवघा गाव आप्पा म्हणायचा. शेती सांभाळून ते कीर्तन करायचे, आणि लातूर, नांदेड, परभणी या पट्ट्यातल्या अखंड हरिनाम सप्ताहांची निमंत्रणं त्यांना वर्षानुवर्षं येत राहिली. २००५ ते २०१३ या काळात इकडे सप्ताहाचंही शूटिंग होऊ लागलं होतं. लग्नाचे शूटिंगवालेच कॅमेरा घेऊन यायचे, मिनी डीव्ही कॅसेटवर कीर्तन घ्यायचे आणि काही दिवसांनी कागदी पाकिटात डीव्हीडी आणून द्यायचे. पाकिटावर मार्करने लिहिलेलं असायचं, ‘सप्ताह भाग २’, ‘काला’, ‘आप्पा महाराज’. साल लिहायचं बहुतेकांना सुचलं नाही.

अशा सत्तरेक डिस्क घरात साठल्या होत्या. त्यात कीर्तनं होती, दोन लग्नं होती, व्हीएचएसवरून उतरवलेलं जुनं शूटिंग होतं, फोटो भरलेल्या काही डेटा डिस्क होत्या आणि बाजारातून आणलेल्या सिनेमाच्या आणि भजनाच्या डिस्कही होत्या. सगळ्या रेक्झिनच्या पाऊचमध्ये एकावर एक, आणि पाऊच पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. बर्न केलेल्या डीव्हीडीत माहिती साठते ती रंगद्रव्याच्या पातळ थरात, आणि उष्णता आणि उजेड हे त्या थराचे मोठे शत्रू.

आप्पा गेले. पहिली पुण्यतिथी जवळ आली तेव्हा थोरल्या मुलाच्या मनात आलं की त्या दिवशी आप्पांचंच कीर्तन लावावं. हा मुलगा निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांची मुलगी लातूरला बी.एस्सी. करते. पाऊच घेऊन माझ्या दुकानात आली ती तीच. मी संगणक दुरुस्तीचं काम करतो, आणि जुन्या कॅसेट, डिस्क, बंद पडलेल्या हार्ड डिस्क यांतून माहिती काढून देण्याचं काम त्यातच ओघाने येतं.

अडचण

घरातला डीव्हीडी प्लेयर केव्हाच बंद पडलेला. नव्या टीव्हीला फक्त यूएसबी. नातीच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. तिने आधी यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह विकत घेतला आणि इंटरनेटवरून एक ‘फुकट’ डीव्हीडी रिपर, म्हणजे डिस्कवरचं काढून फाइल करणारं सॉफ्टवेअर, उतरवून घेतला. त्याने पहिली काही मिनिटंच रूपांतरित करून दिली, वर चित्राच्या मधोमध स्वतःचं नाव छापलं, आणि पूर्ण डिस्क हवी असेल तर पैसे मागितले. सोबत न मागितलेले दोन-तीन प्रोग्रामही लॅपटॉपवर येऊन बसले.

मग तिने दुसरं सॉफ्टवेअर लावलं. ते खरोखर मोफत होतं, एमपी४ फाइल नीट तयार झाली, चित्रावर काही छापलेलं नव्हतं. तिने ती गुरुजींना ऐकवली. त्यांनी तासभर ऐकलं आणि म्हणाले, “अगं, अभंगाचा दुसरा चरण घ्यायच्या आतच तुटलंय हे. पुढचं कुठाय?”

पुढचं डिस्कवरच होतं. मिनी डीव्ही कॅसेट साधारण ६० मिनिटांची. कीर्तन दोन तासांचं, म्हणजे शूटिंगवाल्याने मध्ये कॅसेट बदलली, आणि डीव्हीडी बनवताना प्रत्येक कॅसेटचं वेगळं टायटल, म्हणजे डिस्कवरचा स्वतंत्र भाग, केलं. ही सॉफ्टवेअरं मुळात सिनेमाच्या डिस्क डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली. सिनेमाच्या डिस्कवर सगळ्यात लांब टायटल म्हणजे सिनेमा आणि बाकीचं म्हणजे जाहिराती, असं धरून ती लांब टायटल आपोआप निवडतात. घरगुती डिस्कवर हा हिशेब चुकतो. ज्यांना कीर्तन तोंडपाठ आहे असा माणूस घरात नसता तर हे अर्धं कीर्तन पूर्ण म्हणून साठवलं गेलं असतं, आणि ‘कॉपी झाली’ म्हणून मूळ डिस्क केव्हातरी टाकूनही दिली गेली असती. या प्रकरणातली सगळ्यात मोठी धास्ती मला हीच वाटते.

याशिवाय काही डिस्क मध्येच अडकत होत्या. चार-पाच डिस्क ड्राइव्हमध्ये घातल्यावर संगणक ‘कोरी डिस्क’ असं दाखवत होता. काल्याच्या कीर्तनाची जी डिस्क सगळ्यांना हवी होती ती शेवटाकडे जाऊन थांबत होती.

नातीने येताना प्रश्न आणला होता, “काका, चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?” त्या प्रश्नाला एकच नाव उत्तर म्हणून देणं सोपं होतं. पण आधी ठरवायला हवं होतं की डिस्कमधून नेमकं काय हवंय. पुण्यतिथीला टीव्हीवर लावायला फाइल हवी, की पुढची तीस-चाळीस वर्षं टिकेल अशी प्रत हवी? ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना लागणारी साधनंही वेगळी.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे डिस्क उघडायची आणि व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर हार्ड डिस्कवर ओढायचं. घरी किंवा दुकानात बर्न केलेल्या डिस्कला कुलूप नसतं, त्यामुळे हे चालतं. त्या फोल्डरमध्ये व्हीओबी फाइलींत चित्र आणि आवाज असतो, आयएफओ फाइलींत कुठलं टायटल कुठून सुरू होतं त्याची माहिती, आणि बीयूपी म्हणजे आयएफओचीच जादा प्रत. निरोगी डिस्कला हा मार्ग पुरतो. डिस्कवर एक जागा जरी वाचता आली नाही तरी मात्र कॉपी तिथेच थांबते आणि अख्खी फाइल हातची जाते.

दुसरा मार्ग, डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढायची, म्हणजे आयएसओ फाइल. मेनू, सगळी टायटलं, सगळं एका फाइलीत येतं. विंडोजवर यासाठी इमेजबर्न आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ सालची, पण हे काम ते आजही चोख करतं. खराब डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू, ते विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीवर चालतं.

तिसरा, मेकएमकेव्ही. हे सॉफ्टवेअर चित्राला हात न लावता प्रत्येक टायटल एमकेव्ही फाइलीत काढून देतं, आणि डीव्हीडीपुरतं ते मोफत आहे. गुणवत्ता तसूभरही घटत नाही, मेनू मात्र जातो. आत चित्र एमपेग-२ या डीव्हीडीच्या मूळ प्रकारातच राहतं, आणि काही टीव्ही यूएसबीवरून ते दाखवत नाहीत.

चौथा, हँडब्रेक. २००३ पासून चालत आलेलं हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर चित्र नव्याने संकुचित करून एमपी४ बनवतं. फाइल बरीच लहान होते, फोनवर, टीव्हीवर, कुठेही चालते. पण एकदा संकुचित केलं की गेलेला तपशील परत येत नाही.

पैसे देऊन मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचाही विचार झाला. त्यांच्या जाहिराती वाचल्या की लक्षात येतं, किंमत मुख्यतः बाजारी सिनेमांच्या डिस्कचं कुलूप तोडण्याची आहे. आमच्या कामाला त्याची गरज नव्हती. डीव्हीडी श्रिंकसारख्या जुन्या, नावाजलेल्या साधनांचंही तसंच. ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क ४.७ जीबीच्या कोऱ्या डिस्कवर बसवायची, हे त्यांचं मुख्य काम. आमच्या डिस्क मुळातच ४.७ जीबीच्या आणि परत डिस्कवर लिहायचं आम्हाला नव्हतंच.

सगळं काम शहरातल्या एखाद्या स्टुडिओकडे द्यावं, असं गुरुजींचे धाकटे भाऊ म्हणत होते. त्यात वेळ वाचला असता. पण स्टुडिओ बहुधा एमपी४ करूनच देतात आणि अडलेल्या डिस्क ‘खराब’ म्हणून परत करतात. ज्या डिस्क खराब, त्यांचंच तर सगळ्यात जास्त मोल होतं. हा पर्याय घरातूनच मागे पडला.

निर्णय : आधी मूळ, मग रूपांतर

ठरलं ते असं. प्रत्येक डिस्कची आधी आयएसओ काढायची. ती होईपर्यंत रूपांतराला हातच घालायचा नाही. मग त्या आयएसओवरून हँडब्रेकने पाहायच्या फाइली करायच्या. हँडब्रेक आयएसओ थेट उघडतं, त्यामुळे जीर्ण डिस्क पुन्हा पुन्हा फिरवावी लागत नाही.

माझ्या मते या प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय हाच. चित्र कसं संकुचित करायचं याचं ज्ञान आणि साधनं दर काही वर्षांनी सुधारतात. डिस्क मात्र दर वर्षी ढासळते. रूपांतर पाच वर्षांनीही करता येईल, वाचन तेव्हा होईलच असं नाही. म्हणून जे उद्यावर टाकता येतं ते टाकावं आणि जे टाकता येत नाही ते आज उरकावं.

जागेचा हिशेब नातीनेच केला. ४.७ जीबीची डिस्क विंडोज ४.३८ दाखवतो, कारण तो १०२४ च्या पटीत मोजतो. सत्तर डिस्क भरलेल्या धरल्या तरी सव्वातीनशे-साडेतीनशे जीबीच्या आत. १ टीबीची हार्ड डिस्क पुरून उरते. अशा दोन घ्यायच्या ठरल्या.

बाजारातून आणलेल्या डिस्क बाजूला ठेवल्या. त्यांवर बऱ्याचदा सीएसएस नावाचं कुलूप असतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, आणि हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणं गुन्हा ठरलं. स्वतःपुरत्या वापराचं काय, यावर वाद घालता येईल, पण त्या डिस्कवरचं काहीच दुर्मिळ नव्हतं. वेळ आप्पांसाठी राखून ठेवलेला बरा.

कीर्तनाच्या शूटिंगचा हक्क कुणाचा, हेही गुरुजींनी विचारलं. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन चित्रण करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर करून घेणारा हा पहिला मालक. घरच्या लग्नांचं शूटिंग घरचंच. सप्ताहाचं शूटिंग बऱ्याच ठिकाणी गावच्या सप्ताह समितीने करवून घेतलेलं. गुरुजींनी त्या त्या गावी फोन करून सांगितलं आणि प्रत्येकाला एक प्रत द्यायचं कबूल केलं. दोन गावांच्या स्वतःच्या डिस्क तोवर हरवल्या होत्या, त्यांना तर हे ऐकून आनंदच झाला.

काम कसं झालं

सुरुवात डिस्क पुसण्यापासून. मऊ सुती कापड, साधं पाणी, लागलंच तर थेंबभर पातळ साबण, आणि पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं की ओरखडा वाचनाच्या रेषेवरच लांबवर उमटतो. टूथपेस्ट घासायचा सल्ला गावात हमखास मिळतो, तो ऐकायचा नाही, विशेषतः अशा डिस्कसाठी ज्यांची दुसरी प्रत जगात नाही. काही डिस्कवर कागदी स्टिकर होतं, अर्धवट सुटलेलं. ते ओढून काढलं नाही, सुटलेली कड तेवढी कापली.

मग पहिली फेरी. चांगल्या दिसणाऱ्या डिस्क इमेजबर्नने वाचल्या. एखाद्या डिस्कवर ड्राइव्ह घरघरायला लागला, वेग पडला, की लगेच थांबवून ती वेगळ्या ढिगात. अडलेल्या डिस्कशी पहिल्याच फेरीत झुंजत बसलं तर चांगल्या डिस्क रांगेत राहतात. काल्याची डिस्क सोडली तर ही शिस्त नातीने नीट पाळली. डिस्कच्या आतल्या गोलावर, जिथे माहिती नसते, तिथे तिने पाण्याच्या मार्करने क्रमांक घातला आणि तोच क्रमांक आयएसओच्या नावात.

मध्येच एक अडथळा आला. गुरुजींना एक आयएसओ पेनड्राइव्हवर हवी होती आणि ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून ती जाईना, पेनड्राइव्हवर जागा असूनही. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या मांडणीचा होता, त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. मोठ्या फाइलींसाठी हार्ड डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवल्या, त्या मांडणीत ही मर्यादा आड येत नाही. टीव्हीसाठीच्या एमपी४ फाइली ४ जीबीच्या खूप खाली असल्याने तो पेनड्राइव्ह तसाच राहू दिला, कारण त्यांचा टीव्ही एफएटी३२ बिनतक्रार वाचतो.

गावात वीज जाते-येते. घरी वाचन करताना लॅपटॉपची बॅटरी आहे म्हणून चालून गेलं, तरी हार्ड डिस्कवर लिहिणं चालू असताना केबल हलणार नाही अशी ती कपाटाच्या तळाशी ठेवली होती.

प्रत्येक आयएसओ व्हीएलसीमध्ये उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहिला, टायटलं किती ते वहीत लिहिलं. दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत गेल्यावर ७-झिपमधून दोन्हींची एसएचए-२५६ संख्या, म्हणजे फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, काढून ताडली. संख्या जुळली म्हणजे दोन्ही प्रती अक्षरशः सारख्या.

नावं ठेवायचं काम सगळ्यात वेळखाऊ ठरलं, आणि सगळ्यात गोडही. पाकिटावरचे शेरे अर्धे चुकीचे होते. ‘सप्ताह भाग २’ मध्ये लग्नाची वरात निघाली. साल ओळखायला नांदेडच्या आत्याला बोलावलं. त्यांनी आप्पांकडे कमी आणि समोर बसलेल्या मंडळींकडे जास्त पाहिलं. “हे आठ सालचं न्हाई गं, त्याच्या आधीचं हाय. बघ की, खांबापाशी तुझी पणजी बसलीय.” पणजी कधी गेली ते घरात सगळ्यांना ठाऊक, त्यावरून साल पक्कं झालं. टाळकरी कोण, मृदंगावर कोण, विणेकरी कोण, हेही त्यांनी सांगितलं. नातीने ते सगळं प्रत्येक आयएसओसोबत साध्या मजकूर फाइलीत लिहून ठेवलं. ही माहिती कुठलंही सॉफ्टवेअर डिस्कमधून काढून देऊ शकलं नसतं.

काल्याची डिस्क

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. कीर्तनाची सुरुवात भोकाजवळ, शेवट कडेला. हाताळताना बोटं लागतात ती कडेला, वाकते ती कड, आणि कागदी स्टिकरने ताण येतो तोही बहुतेक कडेलाच. त्यामुळे काल्याच्या डिस्कवर नेमका काला फुटण्याचा भाग अडत होता.

ही डिस्क डीडीरेस्क्यूवर घेतली. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू केलं, लॅपटॉपच्या विंडोजला हात लावला नाही. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतं. दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागांवर जातं. नकाशा असल्यामुळे काम कधीही थांबवून पुढे चालू करता येतं, आणि ड्राइव्ह बदलला तरी चालतं.

शेवटचा मुद्दाच इथे कामी आला. नातीच्या यूएसबी ड्राइव्हने जिथे हात टेकले तिथे माझ्या दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने बराच भाग वाचला. एकच डिस्क वेगवेगळे ड्राइव्ह कमी-जास्त वाचतात, कारण प्रत्येकाच्या लेझरची आणि चूकदुरुस्तीची क्षमता वेगळी. दोन्ही ड्राइव्हचं वाचन त्याच नकाशावर, त्याच आयएसओत जमा होत गेलं. शेवटी काही मोजक्या जागा उरल्या.

तेवढ्याने किती बिघडतं? डीव्हीडीवरची चूकदुरुस्ती ३२ केबीच्या तुकड्यांनी चालते. तुकडा हाताबाहेर गेला की तेवढा सगळा जातो. दोन तासांच्या डिस्कवर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट माहिती असते, म्हणजे ३२ केबी म्हणजे सेकंदाचा विसावा हिस्सा. पण एमपेग-२ मध्ये एक पूर्ण चित्र असतं आणि पुढची दहा-बारा चित्रं त्याच्या आधाराने बांधलेली असतात, म्हणून पडद्यावर साधारण अर्धा सेकंद चौकोन उमटतात. आवाज क्षणभर तुटतो. गुरुजींना ते दाखवलं. ते म्हणाले, “आवाज यायलाय ना? मग चालतंय.”

कोऱ्या दिसणाऱ्या डिस्क

व्हीएचएसवरून उतरवलेल्या काही डिस्क टीव्हीजवळ ठेवायच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर केलेल्या होत्या आणि त्या फायनलाइज करायच्या राहिल्या होत्या. रेकॉर्डिंग डिस्कवर असतं, पण आत काय आहे त्याची अनुक्रमणिका लिहून डिस्क बंद केलेली नसते. संगणकाला म्हणूनच ती कोरी भासते, आणि विंडोज ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारतो. इथे होय म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने पुसणं, विशेषतः डिस्क पुन्हा लिहिता येणारी असेल तर.

दोन वाटा होत्या. ज्या मशिनवर केल्या त्याच जातीच्या मशिनमध्ये घालून फायनलाइज करायच्या, किंवा जशा आहेत तशा वाचायच्या. पहिल्या वाटेत मूळ डिस्कवर नव्याने लिहिलं जातं, आणि डिस्क जुनी असेल तर ते लिहिणं अर्धवट राहू शकतं. शिवाय शूटिंगवाल्याचं मशीन चालूच होईना. मग आयसोबस्टर घेतलं. त्याची मोफत आवृत्ती डिस्कवर काय आहे ते दाखवते, बाहेर काढायला परवाना लागतो. आधी मोफत आवृत्तीत रेकॉर्डिंग दिसतंय याची खात्री करून मगच पैसे भरले. एवढ्या सगळ्या कामात सॉफ्टवेअरवर झालेला खर्च तो इतकाच. त्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त पूर्ण मिळाल्या.

पाहण्याच्या प्रती

हँडब्रेकमध्ये डिस्कवरची सगळी टायटलं रांगेत घेतली, लांब टायटलाच्या आपोआप निवडीवर सोडलं नाही. या कॅमेऱ्यांचं चित्र ७२० गुणिले ५७६, एकाआड एक ओळींत विणलेलं, सेकंदाला ५० अर्धचित्रं. ते तसंच ठेवलं तर टाळ वाजवणाऱ्या हातांच्या कडांना दाते दिसतात. दोन अर्धचित्रांचं एक केलं तर दाते जातात पण हालचाल थोडी अडखळते. बॉब प्रकार निवडून, म्हणजे प्रत्येक अर्धचित्राचं पूर्ण चित्र करून, फ्रेमरेट सेकंदाला ५० ठेवला तर पाऊली खेळणारे वारकरी पडद्यावर सहज हलतात. फाइल थोडी मोठी होते, ते मान्य केलं. गुणवत्तेचा आकडा २० ठेवला, हँडब्रेक साध्या डीव्हीडी दर्जासाठी १८ ते २२ सुचवतं, आणि आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. आवाज एएसी या प्रकारात. शिवाय प्रत्येक कीर्तनाचा नुसता आवाज वेगळा काढून दिला, कारण घरातल्या म्हाताऱ्या मंडळींना शेतात, बाजेवर पडल्या पडल्या ऐकायचं होतं.

निकाल

पुण्यतिथीला काल्याचं कीर्तन अंगणात टीव्हीवर लागलं. डिस्कपैकी बहुतेक पूर्ण वाचल्या, काही थोड्या तुटीसह, आणि दोन-तीन डिस्क कुठल्याच ड्राइव्हने ओळखल्या नाहीत. आयएसओंची एक हार्ड डिस्क गावी, दुसरी नांदेडला आत्याकडे. क्लाउडवर फक्त निवडक एमपी४ ठेवले, सगळ्या आयएसओ मोबाइलच्या नेटवर चढवणं व्यवहार्य नव्हतं. मूळ डिस्क फेकल्या नाहीत. त्या आता एकेका डबीत, उभ्या, आणि पत्र्याच्या खोलीतून माळवदाच्या घरातल्या थंड खोलीत आल्या आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

पुण्यतिथीची तारीख डोक्यावर असल्याने सुरुवातीला सगळं लक्ष काल्याच्या डिस्ककडे गेलं. समजण्यासारखं आहे. पण सर्वांत खराब डिस्कवर काम करायला हात सरावलेला असावा लागतो. आधी चांगल्या डिस्क, मग बऱ्या, आणि खराब सगळ्यात शेवटी, असा क्रम लावला तर ड्राइव्हचा आवाज, नकाशाची भाषा, सगळं अंगवळणी पडलेलं असतं.

ड्राइव्हच्या बाबतीत, सॉफ्टवेअर शोधण्यात नातीचा जेवढा वेळ गेला त्यातला थोडा दुसरा ड्राइव्ह शोधण्यात गेला असता तर जास्त लाभ होता. जुना डेस्कटॉप भंगारात निघाला असेल तर त्यातला डीव्हीडी रायटर काढून ठेवावा. डेस्कटॉपला जोडायचे ते ड्राइव्ह आता दुकानांत सहज मिळत नाहीत.

आत्याला सुरुवातीपासून बोलवायला हवं होतं. क्रमांकांवरून नावं लावताना काही आयएसओंची नावं दोनदा बदलावी लागली, आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर जुनीच नावं राहिल्याने ताडणी पुन्हा करावी लागली. माणसं ओळखणारं माणूस पहिल्याच दिवशी शेजारी असावं. त्यांचं वय पाहता हे काम डिस्कच्या कामाइतकंच तातडीचं होतं.

शूटिंगवाल्यांकडे मूळ मिनी डीव्ही कॅसेट आहेत का, हे फार उशिरा विचारलं. डीव्हीडीवरचं चित्र आधीच एकदा संकुचित झालेलं असतं, कॅसेटवर ते सेकंदाला २५ मेगाबिटने असतं, म्हणजे डिस्कच्या जवळपास पाचपट माहिती. बहुतेकांनी कॅसेट पुसून पुन्हा वापरल्या होत्या. एकाकडे पोत्यात काही निघाल्या. त्या वाचायला फायरवायरवाला, म्हणजे त्या जुन्या प्रकारच्या केबलने संगणकाला जोडता येणारा कॅमेरा लागतो, त्याचा शोध चालू आहे.

ज्या डिस्कमध्ये तूट राहिली त्यांच्या नकाशा फाइली आयएसओसोबतच ठेवल्या आहेत, दोन्ही हार्ड डिस्कवर. वेगळा ड्राइव्ह हाती आला की पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही, राहिलेल्या जागांपासूनच पुढे वाचता येईल.